सतरा नंबरचा शिक्का

माझी मुलगी बुटांच्या कारखान्यात तपासनीस आहे. आहे की होती, ते अजून ठरायचंय. नऊ वर्षं तिचं काम एकच: तयार बूट हातात घ्यायचा, तळवा दोन्ही हातांनी वाकवायचा, शिवण नखाने ओढून पाहायची. चांगला असेल तर आतल्या बाजूला आपल्या नंबरचा शिक्का, नसेल तर खडूची फुली. प्रत्येक तपासनिसाचा नंबर वेगळा, हिचा सतरा. हिच्या फुल्या इतक्या, की कारखान्यात तिचं नावच फुली पडलं.

लढाई सुरू झाली आणि सैन्याची मोठी मागणी आली. महिन्याभरात तळव्यांना चामड्याऐवजी दाबलेला पुठ्ठा लागू लागला. हिने एका दिवसात दोनशे बूट बाद केले. मॅनेजर म्हणाले, "फुली, हे दिवस वेगळे आहेत. जरा काणाडोळा कर." हिने केला नाही. मग सहा तारखेला तिला गोदामात पाठवलं, शिक्का मात्र ठेवून घेतला. चौथ्या दिवशी तिने गोदामातली खोकी उघडली, तर प्रत्येक बुटात सतरा.

दुसऱ्या दिवशी फाटकावर कागद लागला: "सहा तारखेनंतर सतरा नंबरचा शिक्का असलेला एकही बूट मी तपासलेला नाही. तळवे पुठ्ठ्याचे आहेत." खाली हिची सही. दुपारपर्यंत कागद फाडला गेला आणि हिच्या हातात नोटीस पडली. सैन्याचं मनोधैर्य खच्ची केल्याचा आरोप, दोन वर्षांपर्यंत कैद.

माझा भाऊ तावातावाने आला. "देशावर संकट आलंय आणि तुला बुटांचं पडलंय?"

"मामा, पोरं तिकडे पायांनीच चालतायत ना?"

"शत्रूच्या हाती आयतं कोलीत दिलंस."

"शत्रू चार दिवस हसेल. आपली पोरं चिखलात अनवाणी होतील. कुणाचं बघू, सांग."

"हिला कॉलेजात घातली असतीस तर एवढी बोलली नसती," भाऊ मला म्हणाला.

खरं सांगायचं तर मी मनातून भावाच्याच बाजूने होते. कारखान्याने माफीनामा टाइप करून पाठवला होता: गैरसमजातून लिहिलं, बूट उत्तम आहेत. सही केली की नोकरी परत आणि प्रकरण बंद. मी म्हटलं, "कर बाई सही. कागदच तर आहे."

"आई, सही केली की ते सगळे बूट मी तपासले असं होतं. न बघता एकाही बुटावर मी माझा नंबर टाकलेला नाही."

आज कारखान्यातच चौकशी होती. मी सोबत गेले ती हातापाया पडायच्या तयारीनेच. सैन्याच्या खात्यातला अधिकारी सज्जन वाटला. मला खुर्ची दिली. "तुम्ही शिकलेल्या दिसता. समजवा मुलीला. घरात देशप्रेम असेलच ना?"

टेबलावर पुरावा म्हणून एक बूट ठेवला होता. मला काय झालं कोण जाणे. मी तो उचलला आणि ही घरात आमच्या चपला वाकवते तसा वाकवला. तळवा मधोमध तडकला. आतून करडा लगदा निघाला.

"बाई, तो सरकारी पुरावा आहे," शेजारी बसलेले मॅनेजर म्हणाले.

"म्हणूनच नीट पाहिला. साहेब, हा घालून ओल्या रस्त्याने फाटकापर्यंत जाऊन या. पाय कोरडे राहिले तर ती सही करेल."

अधिकाऱ्याने बुटाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि प्रकरण कोर्टात पाठवतो म्हणाला. माझी मुलगी खाली मान घालून हसत होती. मला तिथेच तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला.

परवा तारीख आहे. भीती गेलेली नाही; ताट तसंच झाकून ठेवलंय. ती झोपलीय. तिचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, म्हणून फाटकावरचा मजकूर मी लिहून काढतेय. बारा प्रती झाल्या. सकाळच्या पाळीची माणसं आत जायच्या आधी लावायला हव्यात. तू येऊ नकोस म्हणाली मला. पण तिचं ऐकण्याइतकी मी अजून म्हातारी झालेली नाही.