गोराईचा मांडव आणि न बसलेला पत्रा

"रविवारी तू गोराईला येतेयस. नाटकं नकोत," असं फिलूने ऑफिसात बजावलं, म्हणून मी गेले. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरीच्या एका कारखान्यात आम्ही दोघी ड्रॉइंग काढायचो. धुराच्या चिमण्या, नरसाळी, सगळं पत्र्याचं काम. फिलू म्हणजे फिलोमिना, गोराई गावातली. भावाच्या लग्नाच्या मांडवाचं छप्पर तिने स्वतः डिझाइन केलं होतं आणि पापांशी पैज लावली होती: पत्रा नीट बसला तर नोकरी सोडून आर्किटेक्चर शिकायचं, नाही तर तो विषय कायमचा बंद.

बोरिवलीहून बसने खाडीपर्यंत, पुढे होडी. तिकीट किरकोळ. ओहोटीला चिखल तुडवावा लागतो, तेव्हा चपला हातात घ्या. पलीकडे टांगा मिळायचा, पण मी हट्टाने चालत गेले आणि उन्हाने वाट लागली.

मांडव बघून मात्र ओरडलेच, "झकास गं!" चौकोनी छपराचे तिरप्या रेषेत समोरासमोरचे दोन कोपरे वर, उरलेले दोन खाली.

"एक बांबू वाकवलेला नाय हां," फिलू म्हणाली.

खरंच, सगळे सरळ. फक्त प्रत्येक बांबू शेजारच्यापेक्षा जरा जास्त कललेला, आणि त्यातून छपराला सुंदर वळण आलेलं. त्यावर सपाट पत्रे टाकायचे होते.

पहिला पत्रा तीन कोपऱ्यांवर टेकला, चौथा हवेत. तो दाबला की दुसरा उठायचा. शेवटी मधोमध पोचा पडला. आम्ही येड्यासारख्या बघत राहिलो. रोज कागदावर पत्रा गुंडाळून नळकांडी आणि शंकू करायची सवय, त्यामुळे सरळ रेघांनी बनलेलं काहीही पत्र्यातून निघतं असं आम्ही धरूनच चाललो होतो! नळकांड्यावर एका रेघेलगत पत्र्याचा आडवा कल टोकापासून टोकापर्यंत तोच राहतो. इथे बांबूच्या या टोकाला पत्र्याने एकीकडे कलायचं, त्या टोकाला दुसरीकडे. एवढा पीळ पत्रा घेणार कुठून?

फिलू रडली. भरपूर रडली. मग नाक पुसून म्हणाली, "झावळ्या आणा." अरुंद पाती, एकमेकांवर सरकत गेली आणि छप्पर झाकलं.

जेवायला फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, आणि बोंबलाचं कालवण होतं.

"पैज पत्र्याची होती," पापा म्हणाले.

"हरले मी," फिलू ताटात बघत म्हणाली.

"मग जा शिकायला."

"पापा, बसला नाय ना पत्रा?"

"नाय बसला म्हणूनच जा गो. बसला असता तर तुला शिकायचं काय उरलं होतं?"

घरी पोचले तेव्हा माझे वडील, अण्णा, जेवत होते. बारावीला मला गणितात कमी मार्क पडले आणि "नाही झेपत तुला" म्हणून त्यांनी माझं इंजिनिअरिंग तिथेच थांबवलं होतं. अगदी मायेने.

"कशी झाली ट्रिप?" त्यांनी विचारलं.

"छान," मी म्हणाले. फिलूसाठी मनापासून आनंद झाला होता, आणि तिचा तितकाच हेवा वाटत होता.