टेपमावशींची पैज

टेपमावशींना कुणी ‘मदत करू का?’ असं विचारलं की राग यायचा, आणि राग आला की भूक लागायची. डोंगरातल्या त्या लांबलचक पायवाटेवर, मुक्कामाच्या शेवटच्या झोपडीबाहेर, भल्या सकाळी त्या उभ्याउभ्या बिस्किटांचा अख्खा पुडा संपवत होत्या. यावरून काय ते ओळखा.

मावशी म्हणजे शिंपीण. बाजारातल्या अरुंद गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत त्यांचं दुकान. एक मशीन, एक कापायचं टेबल, एक उभा आरसा आणि गिऱ्हाइकाला टेकायला स्टूल. चौथा माणूस आत आला तर पहिल्याने बाहेर जावं, एवढीच जागा. मोजमापाची टेप कायम गळ्यात. आंघोळीच्या वेळी काढत असतील तर असतील. या वाटेवरही ती गळ्यात होतीच. कशाला म्हणाल, तर सवय! नवरा लवकर गेला, तेव्हापासून त्या एका मशीनवर त्यांनी घर चालवलं आणि मुलाला शिकवून मोठं केलं. मुलगा आता दुसऱ्या शहरात कचेरीत कामाला. गुणी पोरगा, बोट ठेवायला जागा नाही. पण काळजी अशी करायचा, की जणू तोच आईचा बाप.

गेल्या वर्षी वरच्या फळीवरचं कापड काढताना मावशी स्टुलावरून पडल्या. पाय मुरगळला, दुसरं काही नाही. पण मुलाने तेव्हापासून धोशा लावला, दुकान बंद कर आणि आमच्याकडे राहायला ये.

“तिथे एकटी पडलीस तर तुला उचलणार कोण?” तो म्हणायचा.

“अरे, पण मी पडेनच कशाला? पाय गेलेत का माझे?”

शब्दाने शब्द वाढला. पँटची उंची कमी करून घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकाने या पायवाटेचं कौतुक केलं होतं, तेच मावशींच्या तोंडून निघून गेलं. “ती सगळी वाट चालून दाखवते! मग तर गप्प बसशील?”

मुलाला वाटलं, दुसऱ्या दिवशी परत येईल. तोही हट्टाला पेटला. “सगळी वाट पायी. एकदा जरी गाडीत बसलीस तर दुकानाला कुलूप. मान्य?”

“मान्य!” मावशी म्हणाल्या. सून बिचारी दोघांकडे बघतच राहिली.

आणि मावशी चालल्या की हो! दगडांवर रंगवलेले पिवळे बाण बघत, टेकड्या चढत, उतरत, पाय सुजले तर ओढ्यात बुडवत, आज शेवटच्या दिवसापर्यंत आल्या. फोन वाटेत पाण्यात पडून मुका झाला, तेव्हापासून रोज संध्याकाळी झोपडीतल्या फोनवरून ‘आहे जिवंत’ एवढं कळवायचं. आता संध्याकाळपर्यंत खालच्या गावातला बसथांबा गाठायचा. तिथल्या चहाच्या टपरीत मुलगा थांबणार होता. एवढं झालं की दुकान वाचलं.

आणि नेमका आजच घोटाळा झाला.

त्याचं असं आहे, की सॅक नवीन आणली तेव्हा तिचे पट्टे हातभर लोंबत होते. लोंबता पट्टा शिंपिणीच्या डोळ्याला खपणार कसा? मावशींनी सॅक पाठीवर चढवली, आरशासमोर उभं राहून पट्टे अंगासरशी आवळले, उरलेलं कात्रीने कचाकच कापलं आणि टोकं दुमडून सुबक शिवून टाकली. इतके दिवस ऊन होतं, अंगात पातळ सदरा होता, सगळं झकास बसलं. आज पहाटेपासून बोचरी थंडी. मावशींनी स्वेटर चढवला, त्यावर जाकीट चढवलं, आणि सॅक पाठीवर घेतली तर पोटावरच्या बकलाची दोन टोकं एकमेकांकडे परक्यासारखी बघायला लागली. मावशींनी श्वास आत घेतला, दात आवळले आणि ओढलं. टर्रर्र! खांद्याचा पट्टा मुळापासून उसवला.

‘आत थोडं कापड ठेवा हो, माणसाचं अंग काही कायम एवढंच राहत नाही,’ असं त्या जन्मभर सगळ्यांना बजावत आल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! बरं, सुई? सुई त्यांनी मुद्दाम घरी ठेवली होती. सुई दिसली की माणसं बटण घेऊन येतात, हा आयुष्यभराचा अनुभव. निदान चालताना तरी कुणाचं बटण लावायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

तेवढ्यात समोरच्या बाजूने पोपटी टोपी घातलेला एक उंच माणूस आला. तोही चालणाराच, पण उलट्या दिशेने निघालेला.

“मदत करू का, मावशी?”

“नको!” मावशी म्हणाल्या आणि पुढचं बिस्कीट तोडलं.

माणूस हुशार. तो शेजारी टेकला, आपल्या पिशवीतून बुटाची जादा नाडी काढली आणि म्हणाला, “हे ओझं मी उगाच वाहतोय. तुम्ही घेतलीत तर माझ्यावर उपकार होतील.”

आता उपकार करायला कोण नाही म्हणेल? नाडीने पट्टा कसाबसा बांधला गेला. “फार वेळ टिकायची नाही,” तो म्हणाला. “उतारावर मधाच्या पेट्या दिसतील. तिथल्या बाईंकडे दाभण आहे, काल माझा तंबू त्यांनीच शिवून दिला. त्यांना फोन करून ठेवतो.” मावशी ‘कशाला, कशाला’ म्हणेपर्यंत त्याने फोन लावलासुद्धा.

नाडी खरंच टिकली नाही. अर्ध्या उतारावर तुटली, आणि तिथून पुढे मावशींनी पट्टा हाताने धरून सॅक रेटली. मधवाल्या बाईंच्या दारात पोचल्या तेव्हा उजव्या तळव्यावर टपोरे फोड आले होते.

बाई तोंडावर जाळी घेऊन पेट्यांमध्ये उभ्या होत्या. “आलात का? वाटच बघत होते!” जाळी वर करून त्या हसल्या. मावशींचा हात पाहिला, काही न विचारता गार पाण्यात बुडवला, आणि पोती शिवायचं दाभण घेऊन स्वतः सॅक मांडीवर ओढली. दोरा मेणाच्या गोळ्यावरून दोनदा फिरवला. ते मात्र मावशींना पसंत पडलं.

पण पुढे? जन्मात पहिल्यांदा टेपमावशी गिऱ्हाईक झाल्या होत्या, आणि गिऱ्हाईक म्हणून त्या भयंकर निघाल्या.

“टाके जरा जवळ घाला ना.”

“घालते.”

“तिथे दुहेरी करा. आणि गाठ आतून, बाहेरून दिसता कामा नये.”

“ताई,” बाई दाभण हवेत धरून म्हणाल्या, “शिवतेय कोण?”

मावशींनी जीभ चावली. मग दोघीही खो-खो हसत सुटल्या. गिऱ्हाइकांवर मनातल्या मनात किती वेळा चरफडलो, हे आठवून मावशींना आणखीच हसू आलं. हसताहसता त्या बोलत्या झाल्या. दुकान, मुलगा, पैज, खाली टपरीत बसलेला तो, सगळं सांगून टाकलं.

“बसथांब्याजवळची टपरी? अहो, माझा मध तिथेच जातो विकायला!” बाई म्हणाल्या. “तुम्हाला उशीर होणार म्हणून टपरीवाल्याला कळवते. पोराचा जीव टांगणीला लागला असेल.”

पट्टा असा पक्का बसला की त्याला हत्ती बांधावा. निघताना मावशी ‘थँक्यू’ म्हणायला गेल्या, ते नीट जमेना, म्हणून बाईंच्या झग्याची बाही टेपने मोजली आणि म्हणाल्या, “ही तुम्हाला दोन बोटं लांब होतेय. दुकानात या, नीट करून देते.” आणि मग त्यांच्या मनात आलं, दुकान राहिलं तर!

दुपार कलली. खाली मोठ्या ओढ्याशी येऊन बघतात तर पूल जागेवर नाही. म्हणजे खांब होते, फळ्या दुरुस्तीसाठी काढलेल्या. पाणी गढूळ आणि जोरात. पलीकडचा पिवळा बाण ठळक दिसत होता. मावशींनी बूट काढायला सुरुवात केली.

“अहो, अहो! काय करताय?” काठावर उभ्या ट्रॅक्टरवरून एक मिशाळ माणूस ओरडला. “तुम्हीच ना त्या टेपवाल्या मावशी? तुमच्यासाठीच थांबलोय. बसा वर.”

‘मधवाल्या बाईंनी गावभर दवंडी पिटलेली दिसतेय,’ असं मनाशी म्हणून मावशींनी मान हलवली. “मी चालत जाणार.”

“कमरेच्या वर पाणी आहे, मावशी. परवा एक बैल वाहून जाता जाता वाचला.”

“मला गाडीत बसायचं नाही!”

मिशीवाला जरा विचारात पडला. “पण ही गाडी कुठाय? हे शेतीचं अवजार आहे.”

क्षणभर मावशींना ते पटावंसं वाटलं. पण मनाला कोण फसवणार? त्यांनी पाण्याकडे बघितलं, पुन्हा बघितलं. पाण्यात उतरून वाहून गेले तर पोराला तोंड कसं दाखवणार, असा एक वेडा विचार आला. मग त्या मुकाट्याने ट्रॅक्टरवर चढल्या. ओढ्याच्या मधोमध त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मशीन, आरसा, ती इवलीशी खोली, संपलं सगळं. तेही पलीकडचा काठ इतका जवळ असताना!

मिशीवाल्याने पलीकडे नेऊन ट्रॅक्टर बंद केला, खिशातली संत्री काढली आणि सोलून एकेक फोड त्यांच्या हातावर ठेवत राहिला. काय झालं म्हणून त्याने विचारलं नाही. रडणं थांबेपर्यंत दोन संत्री संपली.

मावशी बसथांब्याला पोचल्या तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. टपरीच्या बाकावरून मुलगा ताडकन उठला आणि धावत आला. मागून सून आली, आणि तिच्या मागून हातात कपबशी घेऊन टपरीवालासुद्धा.

मावशींनी कुणालाच बोलू दिलं नाही. “मी हरले,” त्या म्हणाल्या. “ओढ्यावर ट्रॅक्टरवर बसले. कुणाला दिसलं नसेल, पण बसले. दुकान बंद करू.”

मुलाने आपला कान पकडला. “आई,” तो म्हणाला, “तो ट्रॅक्टर मीच पाठवला.”

“काय?”

“पूल काढलाय हे इथे आल्यावर कळलं. तू पाण्यात उतरणार, हेही कळलं. म्हणून या टपरीवाल्या काकांना सांगून त्या ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला. पैज गेली खड्ड्यात. मला आई हवी होती.”

मावशींना हसावं की रडावं कळेना. “गाढवा,” त्या म्हणाल्या, “मग माझी पैज तूच मोडलीस की!”

“मीच मोडली.” तो त्यांची सॅक उतरवून घेत म्हणाला. “सकाळपासून इथे बसलोय. दर थोड्या वेळाने या काकांचा फोन वाजत होता. आता तुमची आई मधाच्या पेट्यांशी आहे, हात भाजल्यासारखा झालाय पण ठीक आहे. आता तिथून निघाली. आता संत्री खातेय. या माणसांना तू कोण, कुठली, काही माहीत नाही.” मग त्याने हळूच विचारलं, “आई, गेल्या वर्षी दुकानात पडलीस, तेव्हा तुला कुणी उचललं?”

वर्षभरात हा प्रश्न त्याने पहिल्यांदा विचारला होता.

“समोरच्या किल्लीवाल्याने,” मावशी म्हणाल्या. “तो तर मी ओरडायच्या आधीच आला. इस्त्रीवाल्याने खुर्चीत बसवून दवाखान्यात नेलं. औषधांच्या दुकानातली पोर पंधरा दिवस डबा आणत होती.”

“मला कधी सांगितलं नाहीस.”

“तू ‘बंद कर, बंद कर’ सोडून कधी काही विचारलंस?”

मुलाने मान खाली घातली. डोळे पुसले की चष्मा, ते कळलं नाही. “सोमवारी रजा टाकतो,” तो म्हणाला. “तुझ्याबरोबर गल्लीत येतो. माझी ओळख करून दे सगळ्यांशी. एकेकाचा फोन नंबर घेतो, आणि दुकान तू तुला हवं तितकी वर्षं चालव.”

टपरीवाल्याने न सांगता चहा पुढे केला. मावशींनी तो दोन्ही हातांनी धरला, बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, “किल्लीवाल्याला जरा मोठ्याने बोलावं लागतं हं, त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. आणि इस्त्रीवाला फार बोलतो, त्याच्याकडे शेवटी जाऊ.”