चपला घालून म्हटलेलं गाणं

आमच्या कॉलनीच्या गायनवृंदात बारा जण आहेत. ते अभंग म्हणतात, चर्चमधली गीतं म्हणतात, शेतातली गाणीही म्हणतात. देवाचं गाणं असलं की चपला काढायच्या आणि इतर गाण्यांना घालायच्या, अशी त्यांची रीत आहे. माझी बायको मात्र सगळीच गाणी अनवाणी म्हणायची. "वहिनी, हे पाखरं हाकायचं गाणं, काटे टोचतील हं!" म्हणून सगळे तिला चिडवायचे.

ते गाणं तिनेच आईकडून शिकून वृंदाला दिलं होतं. ती गेल्यानंतर परवा पहिल्यांदाच, तिच्या आठवणीसाठी, ते म्हटलं गेलं. आधीचा अभंग संपला आणि चोवीस पाय सवयीने चपला शोधू लागले. माझ्या अंगाची आग झाली. पाखरांपासून राखलेल्या दाण्यांचा नैवेद्य देवाला चालतो. मग दिवसभर उन्हात उभं राहून ते राखणाऱ्या बाईचं गाणंच तेवढं कमी पवित्र कसं?

कार्यक्रमानंतर मी वृंदाच्या प्रमुख मालतीबाईंना विचारलं, "चपला का घातल्या?"

"अहो भाऊ, ते काय देवाचं गाणं आहे?" त्या हसल्या.

'मग पुन्हा म्हणूच नका,' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण मला गाता येत नाही. ते गाणं आता त्या बारा जणांखेरीज कोणालाच येत नाही. मी तसाच घरी आलो. माझा राग अजून गेलेला नाही.