शेजाऱ्याचा रॉबिन, माझी शेड

आयर्लंडमधल्या नावन गावातला माझा शेजारी कशालाही आधी ‘ग्रँड’, म्हणजे ‘झकास’, म्हणतो आणि मग स्वतःच्या मनासारखंच करतो. मी परसात स्वतःच्या हातांनी शेड बांधली, तेव्हाही भिंतीपलीकडून ‘ग्रँड’ म्हणाला आणि दुसऱ्याच दिवशी कौन्सिलकडे तक्रार ठोकली. शेड फार उंच आहे म्हणे. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

लॉकडाउनच्या त्या हिवाळ्यात सगळं गोठलं. हा रोज सकाळी ड्रेसिंग गाऊनमध्येच किटली घेऊन बाहेर यायचा, पक्ष्यांच्या पाण्यावरचा बर्फ वितळवायचा आणि तांबड्या छातीच्या एका रॉबिनला चरबीचे तुकडे घालायचा. जन्मात बायकोशी बोलला नसेल इतकं त्या पाखराशी बोलायचा.

मी धंद्यात मुरलेला माणूस. शेडचं दार किलकिलं ठेवून आत किसलेलं चीज ठेवायला लागलो. थोड्याच दिवसांत रॉबिन माझ्याकडे मुक्कामाला आला.

शेजारी भिंतीशी आला. “तो तुझ्या शेडमध्ये झोपतो.”

“झोपतो खरा. पण तुझ्या तक्रारीमुळे शेड पाडावी लागली, तर तो कुठे झोपेल? तक्रार मागे घे, मग बघू.”

“ग्रँड,” म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर हा शिडी लावून माझ्या शेडच्या छपराशी. वारा शिरायचा ती फट फळी ठोकून बुजवत होता.

“आणि तक्रार?” मी खालून ओरडलो.

“ती राहणार. शेड भिकारच आहे,” तोंडातला खिळा न काढता तो म्हणाला. “शिडी हलतेय, जरा धर.”

मी शिव्या पुटपुटत शिडी धरली.