सुगंधाच्या पट्ट्याचा हुक

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. मुलीला नाही. ज्या बायकांनी माझ्याबरोबर एका ताटात भाकर खाल्ली, त्यांनाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण — कारण शोधत बसले तर पुन्हा राहून जाईल. तेव्हा सांगतेच.

मी अकोटजवळच्या एका गावची. आता अकोल्यात राहते. बरीच वर्षं मी गावाकडच्या बायकांची टोळी घेऊन मुंबईला उंच इमारतींच्या कामावर जात आले आहे. मला मुकादमीण म्हणतात. आम्ही मूळच्या कापूस वेचणाऱ्या बायका, पण त्या वर्षांत वेचायला कापूस कुठे राहिला होता? कधी पाऊस नाही, कधी बोंडात अळी. आमच्या भागातून तेव्हा कसल्या बातम्या यायच्या, ते तुम्ही वाचलेलं आहे. मी ते इथे आणणार नाही. त्याच्या आड लपायला फार सोपं जातं.

सुगंधा माझ्याच गावची, माझ्याहून लहान. पहिल्यांदा वर नेलं तेव्हा समुद्र बघून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एवढं पाणी, अन् एकाच्याबी कामाचं नाई. आपल्या विहिरीवानी बी नाई." बाळापूरची शकिला तिला म्हणायची, "बोलाव मंग त्याले अकोल्याले." असं हसणं-खिदळणं चालायचं. त्या शहरात पहिल्या वर्षी समुद्र पाचव्या मजल्यावरूनही दिसायचा. पुढच्या वर्षी मधे दुसरी इमारत आलेली असायची, मग आम्ही आणखी वर. दर खेपेला समुद्र बघायला जास्त चढावं लागे. ती उंची आम्हीच वाढवत होतो, हे मात्र कधी डोक्यात आलं नाही.

बायकांचं काम वेगळं असतं. स्लॅब पडला की पाणी मारायचं, मजला झाडून मलबा काढायचा, विटा उचलायच्या. नव्या बायका उंचीवर गेल्या की बावचळतात, कुणी इकडे झाडते, कुणी तिकडे. मी एक युक्ती काढली. म्हटलं, हे वावर समजा. वेचणीला जशी प्रत्येकीची पात, म्हणजे ठरलेली ओळ, असते तशी इथेही पात धरा. आपली पट्टी सोडायची नाही, मान वर करायची नाही. आणि पात संपली की वावरात करतो तसंच — वळायचं आणि मागे काही राहिलं का ते बघायचं.

काम दुपटीनं उठायला लागलं. साइटवरचे साहेब मला नावाजायचे. मला अभिमान होता त्या युक्तीचा — आहे म्हणा, होता म्हणा.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावर आहे. कापसाची पात संपते ती धुऱ्याशी, म्हणजे बांधाशी. वेचणारी तिथे पोचली की वळते, पातीकडे तोंड करते, कंबर धरते आणि एक पाऊल मागे धुऱ्यावर टाकते — कुठे बोंड राहिलं का बघायला. त्या पावलाकडे कुणी बघत नाही. बघायचं काय? धुरा असतोच. सात-आठ वर्षांची पोर असल्यापासून पायाला ते ठाऊक असतं.

मजल्याच्या कडेला धुरा नसतो.

कडेला पट्टा लागायचा. कमरेला पट्टा, त्याला दोरी, दोरीच्या टोकाला हुक. तो कडेलगत ताणलेल्या तारेत अडकवायचा. तार जागोजागी खांबाला बांधलेली, त्यामुळे प्रत्येक खांबाशी हुक काढून पलीकडे लावावा लागे. बाकीच्या बायका त्यात टाळाटाळ करायच्या. सुगंधा करायची नाही. ती प्रत्येक खांबाशी थांबायची, हुक लावून दोनदा ओढून बघायची. शकिला तिची टर उडवायची, "हुक लावते का कानातले घालते वो?" सुगंधा म्हणायची, "माह्या लेकरायले माय एकच हाय."

हे वाक्य मी विसरले असते तर बरं झालं असतं.

त्या दिवशी संध्याकाळच्या आत मजला साफ करून द्यायचा होता. साहेबांचा निरोप दोनदा येऊन गेला होता. विटा वर घेण्यासाठी एका टोकाचा कठड्याचा पाइप काढलेला होता, आणि सुगंधाची पात नेमकी त्या टोकाला जात होती. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. ती सावकाश, खांबाखांबाशी थांबत चाललेली. बाकीच्यांच्या पाती संपत आलेल्या. मी चिडले. माझा स्वभावच तसा — हळू काम बघवत नाही.

सुगंधा टोकाशी पोचली. वळली. कंबर धरली. झाडलेल्या पट्टीकडे बघत एक पाऊल मागे टाकलं.

ती ओरडलीसुद्धा नाही.

एक मजला खाली जाळी बांधलेली होती, म्हणून ती जगली. पण जाळीच्या पाइपावर डोकं आपटलं आणि मांडीचं हाड मोडलं. खाली धावत जाताना माझ्या मनात काय होतं, सांगू? 'सुगंधा' नव्हतं. 'आता साहेब विचारतील' — हे होतं.

साहेबांनी विचारलंच. पट्टा कमरेला आहे, मग हुक का लावलेला नाही? मी म्हणाले, मी बजावून सांगते साहेब, तिनंच काढला असेल. 'असेल' म्हणाले. तेवढी पळवाट ठेवली होती.

दवाखान्यात ती पळवाटही बंद केली. दुसऱ्या दिवशी तिला शुद्ध आली. दुपारच्या जेवणापर्यंतचं सगळं तिला आठवत होतं, पुढचं काहीच नाही. माझा हात धरून म्हणाली, "मंदाताई, मले काईच आठवत नाई वो. काय केलं मी?"

त्या क्षणी खोलीत आम्ही दोघीच होतो. साहेब नव्हते, टोळी नव्हती. खरं सांगितलं असतं तर ऐकणारी एकटी तीच होती. आणि मी म्हणाले, "हुक काढला तू, सुगंधे. इतक्यांदा सांगून बी काढला."

ती रडली. मग मलाच म्हणाली, "तुले किती बोलले असतीन माह्यापाई."

आता राहिलेलं सांगते. हुक तिनं काढला नव्हता. काढणार नव्हतीच ती. शेवटच्या खांबाशी ती लावलेला हुक ओढून बघत होती, तेव्हा मी तिच्या मागे गेले, माझ्या हातानं तो तारेतून काढला आणि तिच्याच पट्ट्याला मागे अडकवला. म्हणाले, "बस झालं. चाल आता पातीवर चालते तशी." शकिला तेव्हा पाण्याचा पाइप आणायला जिन्याकडे गेलेली. बाकीच्यांच्या माना खाली. माना खाली ठेवायला मीच शिकवलं होतं.

चूक तिचीच ठरली, म्हणून मालकानं दवाखान्यानंतर हात झटकले. ती लंगडत गावी आली. वेचणीला वाकता येत नाही, ओझं उचलता येत नाही. सासूनं वर्षानुवर्षं ऐकवलं — कामावर ध्यान नव्हतं महाराणीचं, उंचावरून समुद्र पाहत होती. सुगंधा ते खाली मान घालून ऐकायची, कारण तिलाही ते खरंच वाटायचं. मी एकदा तिच्या ओसरीवर बसले असताना म्हातारी हे बोलली. मी चहा पीत होते. तो संपवला.

आणि दर हंगामाला ती मला वानवळा पाठवते. तुरीच्या शेंगा, अंबाडीची भाजी. का, तर तिच्यामुळे मला त्रास झाला म्हणून.

याहून वाईट एक गोष्ट आहे. नवी टोळी न्यायची असली की मी बायकांना आधी सुगंधाकडे घेऊन जायचे, अजूनही नेते. ती त्यांना आपली गोष्ट सांगते, मांडीवरचा व्रण दाखवते. त्याचा उपयोग होतो. तिचं ऐकून गेलेल्या बायका हुक सोडत नाहीत. पुष्कळ दिवस मी स्वतःशी म्हणत आले, बघ, त्यातून चांगलंच झालं ना? पण चांगलं व्हायला ती गोष्ट सुगंधाचीच असायला हवी होती का? 'मी एकीचा हुक काढला होता,' असं मी सांगितलं असतं तर बायकांनी कमी ऐकलं असतं?

गेल्या महिन्यात पुन्हा गेलो. अंगणात चारपाच नव्या पोरी बसलेल्या. सुगंधा काठी बाजूला ठेवून सांगायला लागली. हल्ली तिच्या सांगण्यात नवं काहीतरी येतं. माणूस तीच गोष्ट सांगत गेला की त्याला आठवायलाही लागते, असं मी समजत होते. ती म्हणाली, "मीच सोडला, माह्या हातानं. बाकी काई आठवत नाई बाप्पा, पण तो आवाज आठवते. खट्. अजून रातच्याले कानात वाजते."

 पोरींतल्या एकीनं तोंडाला पदर लावला.

तो आवाज तिनं मनानं घातलेला नाही. तो झाला होता. तिच्या पाठीमागे झाला होता.

मी उठले, पोरींना म्हटलं, "आयकलं ना सगळ्याईनं? चला, बस निघून जाईन." सुगंधानं माझ्या पिशवीत अंबाडीची जुडी घातली. मी ती घेतली.