खिशातला नारंगी प्लग

जुनी हायब्रीड गाडी घेऊ नकोस, असं मला सगळ्यांनी बजावलं होतं. पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालते म्हणजे बिघडायला दोन गोष्टी, असं पेडण्याच्या आमच्या कचेरीतल्या मंडळींचं मत पडलं. मी कुणाचं ऐकलं नाही. दीड वर्षाने, गणपतीची चवथ होऊन चार दिवस झाले असतील, म्हापशाहून कोरगावला येताना समोरच्या डॅशबोर्डवर लाल त्रिकोण पेटला आणि गाडी चढावर धापा टाकू लागली. गॅरेजवाल्याने तपासून सांगितलं की मोठी बॅटरी गेली, नवीनच घालावी लागेल. मी तोंड पाडून घरी आले.

बाबा दारापुढच्या बल्कांवात, बसायच्या सोप्यावर, बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी बघतंय."

बाबा शिरगावच्या खाणीवर तीस वर्षं वायरमन होते, त्यामुळे त्यांना काम येत नव्हतं असं नाही. आम्ही मूळचे सावंतवाडीकडचे. खाणी बंद पडल्यावर बाबांनी आईच्या माहेरगावी, कोरगावला, हे घर बांधलं आणि तेव्हापासून त्यांचे हात रिकामेच होते. पण गेल्या वर्षभरात ते विसरायला लागले होते. एकदा पेडण्याच्या बाजारातून आले आणि मासळीची पिशवी बसस्टॉपवरच राहिली. एकदा चहा उतरवला आणि गॅस तसाच चालू. आई म्हणायची, सत्तरी ओलांडलेल्या माणसाचं असं व्हायचंच. माझा भाऊ मस्कतला असतो. त्याने फोनवर एकच धोशा लावला होता, "बाबांक करंटाच्या कामाक हात लावूक देव नको. काय झाला तर कोण निस्तरतला?"

मला दोन गोष्टींची भीती होती. एक, बाबांना करंट लागण्याची. दुसरी, बाबांना नाही म्हणण्याची. दुसरी भीती मोठी निघाली, म्हणून बॅटरी घरीच उघडायचं ठरलं.

ही बॅटरी म्हणजे एकच डबा नसतो. आत शाळेच्या कंपासपेटीहून जरा मोठी, काळी, चपटी अशी अठ्ठावीस खोकी एका रांगेत बसवलेली असतात. सगळी मिळून दोनशेच्या वर व्होल्ट. सुटी केली की एकेक खोकं निरुपद्रवी, सात-आठ व्होल्टांचं. जीव जायचा धोका उघडताना आणि पुन्हा जोडताना. त्यासाठी मागच्या सीटपाठी एक नारंगी प्लग असतो. तो उपसला की रांग मधोमध तुटते. बाबांनी खाणीवरचे रबरी हातमोजे चढवले, प्लग उपसला आणि सदऱ्याच्या खिशात घातला. मग आत उरलासुरला करंट उतरावा म्हणून मला घड्याळ लावायला सांगून दहा मिनिटं स्वस्थ बसून राहिले.

"खिशात कित्याक?" मी विचारलं.

"खाणीर आमी फ्यूज काढून खिशातच घालू. फ्यूज खिशात आसलो म्हणजे दुसरो कोण लावूचो नाय. काम करणाऱ्याचो जीव तेच्याच खिशात रवता."

पुढचा महिनाभर तो प्लग त्यांच्या खिशात होता. सदरा बदलला की प्लगही नव्या सदऱ्याच्या खिशात जायचा. देवळात गेले तरी खिसा फुगलेला. खोकी सुटी झालेली, गाडीत काही उरलेलं नाही, आता तो कुठेही ठेवला तरी चालेल, असं मी एकदा म्हणून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा विषय काढला नाही.

बल्कांवालगतच्या खोलीत फळीवर खोकी मांडली. बाबांनी प्रत्येकावर खडूने नंबर घातला, एक ते अठ्ठावीस. चार्ज करताना खोकं फुगू नये म्हणून ते दोन फळकुटांमध्ये आवळायचं, भरायचं, रिकामं करायचं, पुन्हा भरायचं. असं तीनदा. मग खाणीच्या ट्रकचा जुना हेडलाइटचा बल्ब त्याला जोडून दोन मिनिटं पेटवायचा आणि मीटर बघत बसायचं. चांगलं खोकं तग धरतं, कमजोर खोक्याचा आकडा घसरत जातो. बाबा प्रत्येक आकडा वहीत नंबरापुढे लिहीत. जोडणीच्या तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. त्या आईने कोकमाच्या सोलांच्या पाण्यात भिजवून देवाच्या तांब्यांसारख्या लखलखीत करून दिल्या.

मी कचेरीतून दिवसातून तीनदा घरी फोन करायची. दर वेळी काहीतरी निमित्त काढायची, डाळ भिजत घातली का, पोस्टमन आला का. आईला ते दुसऱ्याच दिवशी कळलं. मग ती फोन उचलल्या उचलल्या म्हणायची, "जिवंत आसत," आणि ठेवून द्यायची.

बाबा नुसते जिवंत नव्हते, मजेत होते. सकाळी माझ्याआधी उठून मीटर हातात. एकही आकडा चुकला नाही, एकही खोकं दोनदा लावलं गेलं नाही. सहा, सतरा आणि तेवीस नंबरची खोकी कमजोर निघाली, ती बदलायची. भावाला मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आईच्या तोंडून त्याला कळलं आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्याने मला फोनवर झाडलं. "आज बरे आसत, उद्या जोडताना इसारले तर? तू बघीत रवशील?" जोडणी जवळ येत होती, आणि मला तर आधीपासूनच धड झोप लागत नव्हती.

आमच्याकडे खंडेनवमीला घरातलं प्रत्येक हत्यार पुसून पूजेला लागतं. कोयता, कुदळ, विळीसारखा आडाळो आम्ही बायका पुसतो. बाबांचं सामान बाबाच पुसतात, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. त्या सकाळी त्यांनी पक्कड, टेस्टर, पाने, मीटर तेलाच्या बोळ्याने पुसून ठेवलं आणि ते गोंड्याची फुलं काढायला शेताच्या कुणग्याकडे गेले. खोकी राहिली होती. मला वाटलं, एवढं सगळं पूजेला लागतंय, मग ज्यांच्यामागे महिनाभर घर धावतंय ती का धुळीत ठेवायची? ओलं फडकं घेतलं आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस खोकी पुसून ओळीने मांडली. वरून प्रत्येकाला हळदकुंकवाचं बोट लावलं. खडू मला धुळीसारखाच दिसला. माझं डोकं भावाच्या बोलण्यात अडकलं होतं, हे कारण मी स्वतःला पुष्कळदा दिलं आहे.

पूजेला लागलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत कुणी हात लावत नाही. दसऱ्याच्या दुपारी सोनं वाटून झाल्यावर बाबा खोलीत गेले. थोड्या वेळाने मीही गेले. ते एक खोकं उलटसुलट करून बघत होते. मग दुसरं. मग तिसरं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"नंबर खंय गेले?" बाबा म्हणाले. मला नव्हे, स्वतःलाच. मग पुसलेल्या पकडीकडे, टेस्टरकडे बघत हळूच म्हणाले, "मी सामान पुसलंय. तेच्याबरोबर ही खोकीय पुसलंय आसतलंय."

मी तोंड उघडलं होतं. शब्द ओठांवर होता. आणि त्याच क्षणी मनात आलं, आता हे आपणहून थांबतील. मला नाही म्हणावं लागणार नाही, भावाची बोलणी खावी लागणार नाहीत, कुणाला करंट लागणार नाही. एकच दिवस गप्प राहू, उद्या सांगू. मी तोंड मिटलं.

बाबांनी खिशातून प्लग काढला. महिनाभर खिशात घासून तो गुळगुळीत झाला होता. त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला.

"हो आता तू ठेव. माजो भरवसो नाय."

संध्याकाळी त्यांनी स्वतः मस्कतला फोन लावायला सांगितला आणि भावाला म्हणाले की तुझं बरोबर होतं. मी स्वयंपाकघरात उभी राहून ते ऐकत होते. मला स्वतःची शिसारी आली.

उद्याचे तीन दिवस झाले. बाबा बल्कांवातून उठेनात. जेवायला बसले की आधी आईला विचारत, मी जेवलोय का? चौथ्या दिवशी मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगून टाकलं. "नंबर मी पुसलंय, बाबा. तुमी नाय. तुमी फुलां काढूक गेल्लास तेव्हा मी फडको मारलंय."

ते माझ्याकडे बघून हसले. इतक्या मायेने ते माझ्याकडे क्वचितच बघतात.

"तू कित्याक पुसतलंस? माज्या सामानाक तू कधी हात लावणस नाय."

"ह्या फेरी लावलंय."

"मगे तेव्हाच सांगतलं आसतंस," बाबा म्हणाले. "तुका माजी काळजी आसा गो, ता माका कळता. पण खोटा बोला नको."

मी देवाची शपथ घेतली. ते मान हलवत राहिले. मी फडकं दाखवायला धावले, तर ते केव्हाच धुऊन वाळत पडलं होतं. आईला मध्ये घातलं, पण ती त्या वेळी वड्यांच्या पिठात होती, तिने काही पाहिलं नव्हतं. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "समजूत घालूची ती अशी नाय घालीत." म्हणजे तिचाही विश्वास बसला नाही.

सगळी खोकी पुन्हा पहिल्यापासून तपासली. आता आकडे मी घ्यायचे आणि बाबा खुर्चीत बसून सांगायचे. नंबर या वेळी रंगाने घातले. नव्या पानावर बाबांनी आधी एक ओळ लिहिली होती: नंबर माझ्या हातून पुसले गेले. या खेपेलाही तीनच खोकी कमजोर निघाली, ती म्हापशाहून आणून बदलली. तुळशीचं लग्न झाल्यावर जोडणी केली, तीसुद्धा मीच. हातमोज्यांत माझी बोटं घामाने निसटत होती. बाबा चार पावलांवर उभे राहून सांगत होते, आता ही पट्टी, आता तो नट, एवढाच आवळ, एक खोकं सुलटं तर पुढचं उलटं. ते एकदाही अडखळले नाहीत. शेवटी मी नारंगी प्लग बसवला, गाडी चालू केली, आणि लाल त्रिकोण दिसला नाही. आईने गाडीवरून नारळ उतरवला. बाबांचा हात सदऱ्याच्या खिशाशी गेला आणि तिथेच जरा वेळ राहिला.

गाडी अजून चालते. भाऊ निर्धास्त आहे. त्यानंतर बाबांनी घरातला साधा बल्बसुद्धा बदललेला नाही. आम्ही कुठे निघालो की गाडीत बसण्याआधी ते थांबतात आणि मला विचारतात, "दार मी लावलंय मा?" लावलेलं असतं. तरी मी परत जाते, कडी ओढून बघते आणि येऊन सांगते. जागेवरूनच हो म्हटलं तर त्यांना पटत नाही. माझ्या नुसत्या सांगण्यावर ते आता विश्वास ठेवत नाहीत.