समुद्रफुलाचं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवा रायपुरात आमच्या समोर राहणाऱ्या काकूंचं समुद्रफूल माझ्यामुळे मेलं. नावाला फूल, पण तो जीवच. त्यांच्या वारलेल्या मुलाने पाळलेला, काचेच्या टाकीत दगडाला चिकटून राहणारा. शाकाहारी काकू नाकाला पदर लावून चिमट्याने त्याला कोळंबी भरवत. "खाय बाबू लवकर, मले वास सोसत नाही."

उन्हाळ्यात नागपूरला जाताना त्यांनी मला बजावलं, "भाऊ, पाणी आटलं का गोडंच टाकजा. मीठ आतच राह्यते."

समुद्रातल्या जिवाला गोडं पाणी कसं चालेल, म्हणून मी रोज मीठ कालवून ओतलं. टाकीतलं मीठ वाढत गेलं, तसं समुद्रफूल आक्रसत गेलं आणि मेलं.

परतल्यावर काकू टाकीपाशी बसून म्हणाल्या, "मीच काहून गेली त्याले सोडून?"

त्या अजून स्वतःलाच दोष देतात. खरं काय झालं, हे त्यांना सांगणं माझ्याकडे बाकी आहे.